बावीस अंश

रेणुकाच्या घरी खिडकीखाली
भिंतीला लोखंडी फासळ्या आहेत, गुडघ्याएवढ्या.
हात लावला तर गरम. कान लावला तर पाणी.
जाळ नाही, धूर नाही, राख काढायची कटकट नाही.
हॉलमध्ये बावीस अंश, संडासात बावीस,
जिन्यात कुणी नसतं, तिथंही बावीस.
मी पस्तीस वर्षं उद्यमबागेत भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस.
ऊब म्हटलं की आधी विचारतो, आग कुठाय?
जावई म्हणाला, लांब आहे, कचरा जाळतात तिथं.
दाखवायला नेतो म्हणाला. राहिलं ते.

गोथेनबर्गला साडेतीनला दिवस मिटतो.
मिटतो म्हणजे, उघडलेला असतो असं नाही.
छत्तीस दिवस मी कॅलेंडरवर रेघा मारल्या,
सूर्याच्या वाटणीला आल्या चार.
त्यातल्या एका दिवशी मी सरळ बघितलं त्याच्याकडं,
उघड्या डोळ्यांनी,
निळ्या काचेशिवाय रसाकडं कधी न बघितलेला मी.
घासून गुळगुळीत झालेला पितळी तुकडा नुसता.
दया आली त्याची.

इथं वडगावात आमचं घर
वारं खेळावं म्हणून बांधलेलं.
मार्गशीर्षात वारं खेळतंय, आम्ही दोघं बघतोय.
पहाटे फरशी चावते.
वाकळ, वाकळेवर कांबळं, कांबळ्यावर तिची जुनी शाल,
आणि पायाशी चुलीत तापवून फडक्यात गुंडाळलेली वीट.
पण नऊ वाजले की कट्ट्यावर ऊन उतरतं,
न बोलावता, बिल न मागता.
शेजारचा इराप्पा म्हणतो, बिसिलु बंतु.
मी म्हणतो, आलं की.
एवढ्यावर आमचा तासभर जातो.
ऊन सरकेल तसं आम्ही सरकतो,
साडेदहाला इराप्पाच्या दारात, बाराला नळाजवळ,
आणि तोवर स्वेटर खांद्यावरून निघून
मांडीवर मांजरासारखा पडलेला.

हे सोडून कोण जाईल, मी म्हणालो.
तुळसा काही बोलली नाही.

तुळसाची बोटं.
चाळीस वर्षं मागावर तुटके धागे जोडलेली,
थंडीत ती आता मुठीतून बाहेर येत नाहीत.
सकाळी चहाचा पेला ती दोन्ही तळव्यांत धरते,
मी दुसरीकडं बघतो.
तिकडं दहाव्या दिवशी तिनं लोणच्याची बाटली उघडली.
पंधराव्या दिवशी, बाहेर दुपारीच मिट्ट काळोख,
आडवातिडवा पाऊस,
आणि आतून आवाज आला. थाप, थाप.
अंथरुणात उठून बसलो मी.
वडगावातून नेलेलं ज्वारीचं पीठ,
आणि ही परातीपुढं वाकून भाकरी थापायलेली,
सगळी बोटं उघडून.

सूर्य नाही पण तिकडं, मी परवा म्हणालो.
सूर्य काय तोंडात घालायचाय, ती म्हणाली.
आषाढात इथंही तो आठ-आठ दिवस रजेवर असतो,
हे मी तिला सांगत नाही.
तीच मला सांगते.

सोमवारी कागदं द्यायची आहेत.
रेणुका रोज फोन करते, काय ठरलं, विचारते.
मी हवामान सांगतो.
आज किती आहे, बाबा? तेरा, मी म्हणतो. आत?
आतही तेराच गं,
आपल्याकडं आत-बाहेर असं काही नसतं.
ती हसते. मग दोघंही थोडा वेळ गप्प.

काल संध्याकाळी बघितलं तर
कपाटावरची बॅग खाली पलंगावर,
माझ्या दोन स्वेटरांच्या मधे
भट्टीतली निळी काच, रुमालात बांधलेली.
ही कशाला? तिथं काय बघायचंय हिच्यातून?
असू दे की, तुळसा म्हणाली,
मे महिन्यात रात्री दहालाही ऊन असतंय म्हणे, लागेल.
आणि बॅग माझ्याकडं सरकवली.
चेन तेवढी तिला ओढवेना.